एटीव्हीत मोटरसायकलचे इंजिन आणि त्याचे वायरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी बनावटीच्या ११० ते १२५ सीसीच्या एटीव्ही, म्हणजेच क्वाड बाईक, आपल्याकडे फार्महाऊसवर, रिसॉर्टच्या आवारात आणि बागायतीत वापरल्या जातात. त्यांचे इंजिन जाम झाले की सुटे भाग सहज मिळत नाहीत, आणि मग स्प्लेंडर किंवा पल्सरसारख्या गाडीचे इंजिन त्या चॅसीत बसवण्याचा पर्याय पुढे येतो. माउंटिंग, चेन आणि सायलेन्सर ही कामे फिटर आणि वेल्डर मिळून पुरी करतात. गाडी महिनोन्‌महिने अडून राहते ती वायरिंगपाशी. या पानावरील प्रश्न त्याच टप्प्यावर अडकलेल्या वाचकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. येथे प्रामुख्याने कार्ब्युरेटरच्या एका सिलिंडरच्या इंजिनाचा विचार केला आहे. इंजेक्शनच्या इंजिनासाठी प्रश्न १४ पाहावा.

१. इंजिन बदलले म्हणून वायरिंगही का बदलावे लागते? जुन्या हार्नेसच्या (तारांच्या जुडग्याच्या) कपलरला (तारा जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडाला) नवे इंजिन जोडता येणार नाही का?

बहुतेक वेळा नाही, आणि कपलर योगायोगाने बसला तर धोका उलट वाढतो. मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) आत फिरणारे फ्लायव्हील, त्याच्या समोरची कॉइल प्लेट, पिकअप कॉइल (फ्लायव्हीलची स्थिती टिपणारी छोटी कॉइल) आणि सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) हा एकमेकांसाठी बनवलेला संच असतो. पिकअपसमोरून जाणाऱ्या फ्लायव्हीलवरील उंचवट्याची लांबी आणि जागा पाहूनच सीडीआय ठिणगीची वेळ ठरवतो. त्यामुळे एका इंजिनाची मॅग्नेट आणि दुसऱ्या गाडीचा सीडीआय जोडला तर ठिणगी पडेलही, पण ती योग्य वेळी पडेल याची शाश्वती नसते.

म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की इंजिन ज्या गाडीतून आले, त्याच गाडीची इग्निशन आणि चार्जिंग यंत्रणा त्याच्यासोबत यावी. एटीव्हीच्या जुन्या हार्नेसकडे केवळ दिवे, हॉर्न आणि हँडलवरची बटणे इतकेच काम ठेवावे. ज्यांनी हा नियम पाळला त्यांचे काम दोन-तीन दिवसांत पुरे होते. जुन्या सीडीआयवर भागवू पाहणाऱ्यांचे प्रश्न आम्हाला सर्वाधिक येतात.

२. जुन्या गाडीतून इंजिनाबरोबर नेमके काय काय काढून घ्यावे?

सीडीआय, एचटी कॉइल (प्लगसाठी विजेचा दाब वाढवणारी) आणि प्लग कॅप, आरआर युनिट (मॅग्नेटची वीज बॅटरीसाठी डीसी करून तिचा दाब मर्यादेत ठेवणारे), सेल्फचा रिले (विजेने चालणारा स्विच), इग्निशन लॉक (किल्लीचा स्विच), उजव्या हाताचा स्विच आणि शक्य असल्यास संपूर्ण हार्नेस. हार्नेस मिळत नसेल तर निदान प्रत्येक कपलर त्याच्या मागच्या वीतभर तारेसह कापून घ्यावा, म्हणजे पुढे सांधे मारायला जागा राहते. कॉइल प्लेटकडून येणारा कपलर इंजिनाच्या बाजूने कधीही कापू नये.

इंजिन उतरवण्यापूर्वी गाडी चालू होत असेल तर एक तास खर्च करून प्रत्येक कपलरचे छायाचित्र घ्यावे, तारांना कागदी पट्टीचा चिकट टेप लावून त्यावर नाव लिहावे आणि लॉक चालू असताना सीडीआयच्या कपलरवर कोणत्या तारेत किती व्होल्ट येतात ते नोंदवून ठेवावे. वीजजोडणीचा नकाशा हाताशी नसला तरी ही नोंद पुरेशी ठरते.

३. असे इंजिन बसवलेली एटीव्ही रस्त्यावर चालवता येते का? जुन्या गाडीच्या कागदपत्रांचे काय करावे?

रस्त्यावर चालवता येत नाही. ही वाहने खाजगी जागेत वापरण्यासाठीच घेतलेली असतात, त्यांची नोंदणी झालेली नसते, आणि नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक जागी चालवणे मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार गुन्हा आहे. इंजिन बदलल्याने ती रस्त्यासाठी पात्र ठरत नाही. नोंदणी असलेल्या वाहनातही नोंदणी प्रमाणपत्रावरील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास कलम ५२ आडवे येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे.

ज्या मोटरसायकलचे इंजिन काढले ती पुन्हा चालणार नसेल, तर कलम ५५ नुसार मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला तसे कळवायचे असते. इंजिन भंगारातून घेताना विक्रेत्याकडून मूळ गाडीच्या कागदपत्रांची प्रत आणि पावती घ्यावी. इंजिन क्रमांक घासलेला असेल तर ते इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

४. एसी सीडीआय आणि डीसी सीडीआय यांत फरक काय, आणि माझ्याकडे कोणता आहे हे कसे ओळखावे?

एसी सीडीआयला वीज थेट मॅग्नेटमधील एका वेगळ्या कॉइलकडून मिळते. ही कॉइल बारीक तारेच्या पुष्कळ वेढ्यांची असते आणि तिच्यातून दहा-वीस नव्हे, शंभराच्या घरातील व्होल्ट निघतात. ठिणगीसाठी बॅटरीची गरज नसते, त्यामुळे बॅटरी मेली तरी किकवर गाडी सुरू होते. डीसी सीडीआयला बॅटरीचे १२ व्होल्ट लॉकमधून मिळतात आणि दाब वाढवण्याचे काम तो स्वतःच्या आत करतो.

ओळखण्याची खात्रीची रीत अशी : लॉक चालू करून सीडीआयचा कपलर काढावा आणि प्रत्येक टोकावर बॉडीच्या तुलनेत व्होल्ट मोजावेत. एखाद्या टोकावर बॅटरीइतके व्होल्ट मिळाले तर सीडीआय डीसी आहे. इंजिन सुटे असेल तर मॅग्नेटमधून आलेल्या तारा ओहममध्ये मोजाव्यात. एसी पद्धतीत पिकअप धरून दोन कॉइलींचा रोध शंभर ओहमच्या वर भरतो. डीसी पद्धतीत अशी कॉइल एकच, म्हणजे पिकअप, असते आणि बाकीच्या जाड तारा एका ओहमच्या आसपास दिसतात.

चिनी ११० सीसी एटीव्हींत प्रामुख्याने एसी पद्धत आढळते. पल्सर डीसी पद्धतीची आहे. स्प्लेंडरच्या वर्गात जुन्या आणि नव्या गाड्यांत फरक असल्यामुळे नावावर विसंबू नये, मोजून पाहावे.

५. तारांचे रंग जुळवून जोडले तर चालेल ना?

दोन्ही वाहनांची रंगपद्धत एकच असल्याची खात्री असेल तरच. बहुसंख्य चिनी छोट्या एटीव्ही होंडाची रंगपद्धत वापरतात : हिरवी तार अर्थ, लाल बॅटरी, काळी लॉकनंतरचे १२ व्होल्ट, काळी-लाल एसी सीडीआयची कॉइल, निळी-पांढरी पिकअप, काळी-पांढरी किल (इंजिन बंद करणारी) आणि काळी-पिवळी सीडीआयकडून एचटी कॉइलकडे जाणारी. हिरो होंडाचे रंग याच घराण्यातील असल्याने तेथे बरेचसे जुळते.

बजाजच्या गाड्यांत मात्र काळी-पिवळी तार अर्थची असते आणि लॉकनंतरचा पॉझिटिव्ह तपकिरी तारेत येतो. एटीव्हीची काळी-पिवळी आणि पल्सरची काळी-पिवळी एकमेकींना जोडली की सीडीआयची ठिणगीची तार सरळ अर्थला मिळते आणि प्लगवर काहीच येत नाही. सगळे नवे असूनही ठिणगी नाही, अशा तक्रारींच्या मुळाशी कित्येकदा एवढीच गोष्ट असते. शिवाय गाडी आधी कोणा वायरमनच्या हाताखालून गेली असेल तर मधल्या तुकड्याचा रंग कोणताही असू शकतो. रंग हा केवळ अंदाज आहे. निर्णय मल्टीमीटरच्या कंटिन्युइटीवर (तार सलग जोडलेली आहे का, या तपासणीवर) घ्यावा.

६. पूर्ण हार्नेस बांधण्यापूर्वी इंजिन नुसते चालू करून पाहता येईल का?

येईल, आणि तसेच करावे. एसी सीडीआय असल्यास कॉइलची तार, पिकअपची तार, अर्थ, आणि सीडीआयकडून एचटी कॉइलकडे जाणारी तार एवढ्यावर इंजिन किकने सुरू होते. किलची तार मोकळी ठेवून तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप लावावा आणि बंद करण्यासाठी तीच तार इंजिनाच्या बॉडीला टेकवावी. डीसी सीडीआय असल्यास कॉइलच्या तारेऐवजी बॅटरीचा पॉझिटिव्ह ५ अँपिअरच्या फ्यूजमधून आणि एका साध्या स्विचमधून सीडीआयला द्यावा. स्विच बंद केला की इंजिन थांबते.

या टप्प्यावर इंजिन नीट सुरू झाले तर पुढे येणारा प्रत्येक दोष हार्नेसचा आहे, इंजिनाचा नाही, हे निश्चित होते. डीसी पद्धतीत आरआर युनिट जोडलेले असताना बॅटरी काढून इंजिन चालवू नये. बॅटरीविना दाब वर जाऊन सीडीआय आणि दिवे जळू शकतात.

७. एटीव्हीचा किल स्विच तसाच ठेवला, पण इंजिन बंद होत नाही किंवा सुरूच होत नाही. असे का?

कारण दोन्ही पद्धतींतील स्विच एकमेकांच्या उलट काम करतात. एसी सीडीआयला थांबवण्यासाठी किलची तार अर्थला टेकवावी लागते, म्हणून एटीव्हीचा स्विच ‘बंद’ स्थितीत दोन तारा जोडतो. डीसी सीडीआयला थांबवण्यासाठी त्याचे १२ व्होल्ट तोडावे लागतात, म्हणून मोटरसायकलचा स्विच ‘बंद’ स्थितीत तारा तोडतो.

डीसी सीडीआय बसवला असेल तर मोटरसायकलचाच उजव्या हाताचा स्विच हँडलवर चढवणे हा उत्तम उपाय आहे. त्यात तार तुटली तर इंजिन थांबते, म्हणजे दोष सुरक्षित बाजूला जातो. एटीव्हीचाच स्विच ठेवायचा असेल तर पाच टोकांचा रिले वापरावा : ३० ला लॉकनंतरचे १२ व्होल्ट, ८७ए वरून सीडीआयचा पुरवठा, ८६ ला पुन्हा लॉकनंतरचे १२ व्होल्ट आणि ८५ ला एटीव्हीची काळी-पांढरी तार. स्विच ‘बंद’ केला की रिले ओढला जातो आणि सीडीआयचा पुरवठा तुटतो. यात उणीव अशी की स्विचकडे जाणारी तार तुटली तर हँडलवरून इंजिन थांबणार नाही, केवळ किल्लीनेच थांबेल.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये : एसी सीडीआयच्या किलच्या तारेवर १२ व्होल्ट देणे. तो सीडीआय तत्क्षणी निकामी होऊ शकतो.

८. मुलांच्या एटीव्हीत मागे दोरीचा सुरक्षा स्विच होता. नव्या इंजिनासोबत तो लागतो का?

लागतो, आणि यात तडजोड करू नये. दोरी ओढली की इंजिन थांबणे हा मुलाच्या हातातून गाडी सुटल्यावरचा शेवटचा आधार असतो, आणि मोटरसायकलचे इंजिन मूळ इंजिनापेक्षा जास्त ताकदीचे असण्याचीच शक्यता अधिक. जोडणीचे तत्त्व प्रश्न ७ मधलेच आहे : एसी पद्धतीत दोरी निघाल्यावर संपर्क जुळणारा आणि डीसी पद्धतीत संपर्क तुटणारा स्विच हवा. जोडल्यावर मागची चाके उचलून, गाडी स्टँडवर ठेवून, मध्यम आरपीएमला दोरी ओढून पाहावी. इंजिन लगेच थांबले नाही तर मुलाला त्या गाडीवर बसवू नये.

९. आरआर युनिट जुने चालेल की नवे लागेल? बॅटरी चार्ज होते की नाही हे कसे पाहावे?

आरआर युनिट इंजिनाच्या कॉइल प्लेटशी जुळणारे हवे, म्हणजे इंजिन ज्या गाडीचे त्याच गाडीचे. मॅग्नेटमधून एकाच रंगाच्या तीन तारा येत असतील, बहुधा पिवळ्या, तर ती तीन फेजची पद्धत आहे. कोणत्याही दोन तारांमध्ये सारखाच अल्प रोध दिसतो आणि एकही तार बॉडीला मिळत नाही. अशा इंजिनाला एटीव्हीचे चार तारांचे जुने युनिट लावता येत नाही. एका कॉइलचे एक टोक आतच अर्थला जोडलेले असेल तर ती हाफ-वेव्ह (एसीची अर्धीच लाट वापरणारी) पद्धत, आणि तिला फुल-वेव्ह युनिट लावल्यास कॉइलचा काही भाग डायोडमधून थेट अर्थ होतो आणि युनिट जळते.

तपासणी सोपी आहे. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन मध्यम वेगाने चालू असताना तिच्या टोकांवर सुमारे १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा वाढतच नसेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर जात असेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे. आरआर युनिटच्या पाठीवर हवा लागेल आणि त्याची बॉडी चॅसीच्या धातूला घट्ट टेकेल अशी जागा निवडावी. सीटखालच्या प्लॅस्टिकला ते लटकवणे योग्य नाही.

काही जुन्या गाड्यांत हेडलाइटला मॅग्नेटमधून थेट एसी वीज जाते आणि एटीव्हीचा हेडलाइट बॅटरीवर असतो. अशा वेळी दोन्हींपैकी एकच पद्धत ठेवावी. एसीची पिवळी तार बॅटरीच्या सर्किटला कुठेही लागता कामा नये.

१०. अर्थिंग एवढे महत्त्वाचे का मानले जाते? इंजिन चॅसीला बोल्टने जोडलेलेच आहे.

बोल्टने जोडलेले असले तरी मधे पावडर कोटिंग, रंग, गंज किंवा रबरी बुश असतो, आणि नवे माउंट वेल्ड करून वर रंग मारलेला असतो. सेल्फ मारताना जाणारा सगळा प्रवाह बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत यायचा असतो. त्याला सरळ वाट मिळाली नाही तर तो क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. मग केबल तापते, तिच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर वितळते आणि ॲक्सिलरेटर अडकतो. केबल पुन्हा पुन्हा जड होत असेल तर बरेच जण तिच्यात तेल सोडतात. दोष अर्थिंगचा असतो.

उपाय असा. बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक जाड तार थेट इंजिनाच्या केसिंगवरील बोल्टला न्यावी आणि त्याच बोल्टवरून दुसरी तार चॅसीला द्यावी. जिथे थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) बसणार तेवढीच, रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावी, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसावा आणि नंतर वरून ग्रीस किंवा रंग लावून ती जागा झाकावी. ग्रीस आधी आणि थिंबल नंतर असे करू नये.

तपासण्यासाठी मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरे इंजिनाच्या केसिंगला लावून सेल्फ मारावा. ०.२ व्होल्टपर्यंतचा आकडा चांगला, ०.५ च्या पुढे गेला तर सांधा पुन्हा घासावा. कोणताही विचित्र, कधी होणारा तर कधी न होणारा दोष शोधायला बसण्यापूर्वी आम्ही ही तपासणी आधी करायला सांगतो.

११. कोणती तार किती जाड घ्यावी आणि फ्यूज कुठे लावावा?

तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. जाऊन-येऊन ३ मीटरच्या अशा तारेतून ५ अँपिअर नेले तर पाव व्होल्ट वाटेत खर्च होतो, जे दिव्यांना चालते. सेल्फसाठी ८० अँपिअर धरले आणि एकूण २ मीटरची ४ चौरस मिलिमीटरची तार वापरली तर जवळजवळ ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. १० चौरस मिलिमीटरच्या तारेत हा आकडा ०.३ च्या आत राहतो. म्हणून सिग्नलच्या तारांना ०.५ ते ०.७५, दिवे आणि हॉर्नला १ ते १.५, आणि बॅटरी ते सेल्फ ६ ते १० चौरस मिलिमीटर हे माप ठेवावे. घरगुती वायरिंगची एकतारी वायर वापरू नये, ती हादऱ्याने तुटते.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत, १५ किंवा २० अँपिअरचा असावा. सेल्फची जाड तार सोडली तर दुसरी कोणतीही तार फ्यूजशिवाय बॅटरीवर जाऊ नये. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो तारेच्या क्षमतेनुसार निवडावा. वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज लावणे म्हणजे पेट्रोलच्या टाकीखाली आग लागण्याची सोय करून ठेवणे होय.

१२. सेल्फ दाबला की नुसता टक आवाज येतो, इंजिन फिरत नाही. रिले खराब असेल का?

आधी बॅटरी पाहावी. छोट्या एटीव्हीत ४ ते ५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी असते आणि ती मोठ्या इंजिनाला पुरत नाही. पल्सर २२० साठी ९ एएचची बॅटरी येते यावरून फरक लक्षात यावा. सेल्फ मारताना बॅटरी १० व्होल्टच्या खूप खाली जात असेल तर दोष बॅटरीचा. ती टिकून असेल तर प्रश्न १० मधील अर्थची तपासणी करावी आणि त्यानंतरच रिलेकडे वळावे.

सेल्फचा आवाजच येत नसेल तर ब्रेकचा स्विच तपासावा. चिनी एटीव्हींत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फच्या बटणाला १२ व्होल्ट मिळत नाहीत. ही सोय काढून टाकू नये. मोटरसायकलच्या इंजिनात गिअर पडलेला असताना सेल्फ लागला तर गाडी पुढे उडी घेते, आणि एटीव्हीसमोर कोणी उभे असण्याची शक्यता नेहमीच असते.

१३. न्यूट्रलचा दिवा आणि रिव्हर्स यांचे काय करावे?

न्यूट्रलचा स्विच इंजिनातच असतो आणि तो न्यूट्रलमध्ये तार अर्थला जोडतो, म्हणून दिव्याच्या एका टोकाला लॉकनंतरचे १२ व्होल्ट आणि दुसऱ्याला ही तार दिली की झाले. क्लचचा स्विचही सेल्फच्या सर्किटमध्ये घेतला असेल तर मधला डायोड गाळू नये, नाहीतर क्लच दाबताच न्यूट्रलचा दिवा लागतो आणि चालक फसतो.

मोटरसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स नसतो. जुन्या हार्नेसमधील रिव्हर्सच्या दिव्याची तार टेप लावून बंद करावी. विजेच्या मोटरने रिव्हर्सची सोय करत असाल तर तिचा रिले इंजिन न्यूट्रलमध्ये असतानाच ओढला जाईल अशी जोडणी करावी.

१४. बीएस-६ इंजिन घेतले आहे, म्हणजे इंजेक्शनचे. त्याची जोडणी कितपत अवघड आहे?

पहिल्यांदाच हे काम करत असाल तर कार्ब्युरेटरचे इंजिन घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यानंतरच्या इंजिनांत ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक) असतो आणि त्याला क्रँक, थ्रॉटल, हवेचा दाब, तापमान आणि ऑक्सिजन यांचे सेन्सर दिसावे लागतात. येथे तार कापून जोडण्याला वाव नाही. संपूर्ण मूळ हार्नेस, ईसीयू, लॉक आणि पंप एकत्रच घ्यावेत.

तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात. गाडी आडवी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर मूळ गाडीत ज्या दिशेने उभा होता त्याच दिशेने बसवावा लागतो, अन्यथा ईसीयूच्या मते गाडी कायम पडलेलीच असते. साइड स्टँडचा सेन्सर प्रत्येक गाडीत साधा स्विच नसतो, त्यामुळे दोन तारा जोडून तो टाळता येईलच असे नाही. सेन्सर आणि त्याचा चुंबक ‘स्टँड वर’ या स्थितीत पक्का बसवणे सुरक्षित. आणि पेट्रोलचा पंप सुमारे ३ बार दाब देतो, जो कार्ब्युरेटरच्या साध्या पाइपला सोसत नाही. इंजेक्शनसाठीचा पाइप आणि क्लिपच वापराव्यात. लॉक चालू करताच पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबला तर ईसीयूला वीज पोहोचते आहे असे समजावे.

१५. पल्सरचे इंजिन चालू होते, पण ओढत नाही. वायरिंगचा संबंध असू शकतो का?

असू शकतो. २००३ पासूनच्या डीटीएस-आय इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग असतात. एका प्लगची एचटी कॉइल जोडायची राहिली तरी इंजिन सुरू होते आणि दोष लक्षात येत नाही, मात्र ताकद घटते. एकेक प्लग कॅप काढून, काढलेल्या कॅपमध्ये दुसरा प्लग घालून तो बॉडीला टेकवून पाहावे. दोन्ही बाजूंनी ठिणगी दिसली पाहिजे. कार्ब्युरेटरवर थ्रॉटलची स्थिती सांगणारा स्विच असेल तर त्याच्या तारा सीडीआयपर्यंत पोहोचवाव्यात, कारण त्यावरूनच ठिणगी किती आधी टाकायची हे ठरते.

१६. ठिणगीच येत नाही. कोणत्या क्रमाने शोधावे?

सर्वांत आधी किलची तार सीडीआयपाशीच सोडवावी (डीसी असल्यास सीडीआयला बॅटरीतून फ्यूजसह थेट १२ व्होल्ट द्यावेत). ठिणगी आली तर दोष स्विच किंवा लॉकच्या बाजूला आहे आणि प्रश्न ७ कडे जावे. आली नाही तर पिकअप मोजावा. त्याचा रोध साधारणपणे १०० ते ३०० ओहमच्या दरम्यान असतो, आणि किक मारताना त्यावर एसीचे व्होल्ट, अगदी एका व्होल्टहूनही कमी का होईना, पण दिसले पाहिजेत. एसी पद्धतीत दुसरी कॉइलही मोजावी. त्यानंतर एचटी कॉइल, मग तिची अर्थ, आणि सर्वांत शेवटी सीडीआय, कारण तो घरी मोजून तपासता येत नाही आणि दुसरा चांगला लावूनच पाहावा लागतो. आधीच नवा सीडीआय विकत आणणे म्हणजे बहुतेक वेळा पैसे वाया घालवणे आहे.

ठिणगी पाहताना प्लग नेहमी बॉडीला टेकलेला असावा. कॅप हवेत मोकळी ठेवून सेल्फ मारला तर एचटी कॉइल आणि सीडीआय दोन्ही आतून फुटू शकतात. पेट्रोल सांडलेल्या जागेजवळ ही तपासणी करू नये.

१७. ठिणगी चांगली आहे, पण किक उलटी मारते आणि सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात.

पिकअपच्या दोन तारा उलटसुलट जोडल्या गेल्या असण्याची शक्यता सर्वांत मोठी आहे. पिकअपमधून एक वरचा आणि एक खालचा असे दोन झटके निघतात आणि सीडीआय त्यांपैकी ठरावीक झटक्यावर काम करतो. तारा उलटल्या की ठिणगीची वेळ काही अंशांनी सरकते. तारा अदलाबदल करून पाहाव्यात. ज्या पिकअपचे एक टोक आत अर्थला आहे, त्यात असे करता येत नाही; तेथे सीडीआय त्याच इंजिनाचा आहे ना हे पाहावे (प्रश्न १).

तरीही सुधारणा झाली नाही तर फ्लायव्हील काढून क्रँकवरची अर्धचंद्राकृती चावी पाहावी. चावी कापली गेली असेल तर वायरिंगमध्ये कितीही बदल केले तरी टायमिंग जागेवर येणार नाही. टायमिंग लाइट उपलब्ध असल्यास आयडलला ‘एफ’ची खूण खिडकीतील खाचेसमोर दिसली पाहिजे.

१८. किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच राहते. किल स्विच मात्र बरोबर जोडला आहे.

डीसी सीडीआयच्या गाडीत असे होत असेल तर आरआर युनिटची पॉझिटिव्ह तार लॉकच्या पुढे, म्हणजे सीडीआयच्या बाजूला जोडली गेली आहे. मग किल्ली बंद झाल्यावरही फिरणारी मॅग्नेटच सीडीआयला वीज पुरवत राहते. ती तार लॉकच्या मागे, मुख्य फ्यूजमधून बॅटरीला मिळेल अशी जोडावी. काही आरआर युनिटांना दाब पाहण्यासाठी एक जास्तीची बारीक तार असते. ती मात्र लॉकच्या पुढेच जोडायची असते, नाहीतर उभ्या गाडीत बॅटरी हळूहळू उतरते. एसी सीडीआयच्या गाडीत हाच दोष दिसला तर किलची तार लॉकच्या ‘बंद’ स्थितीत अर्थला पोहोचते का ते कंटिन्युइटीने तपासावे.

१९. गाडी थंड असताना उत्तम चालते, तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. सगळे सांधे तपासले आहेत.

हा पिकअप किंवा एसी कॉइलच्या आत तापल्यावर तुटणाऱ्या तारेचा दोष असतो. थंड असताना घेतलेला आकडा येथे उपयोगाचा नाही. इंजिन बंद पडताच, सायलेन्सरपासून हात सांभाळून, कपलर काढून रोध लगेच मोजावा. मीटरने खुले सर्किट दाखवले तर कॉइल बदलावी.

आकडा बदलत नसेल तर हार्नेसची वाट पाहावी. मोटरसायकलमध्ये हवेच्या झोतात असलेला भाग एटीव्हीच्या फेंडरखाली, सायलेन्सरच्या वळणाशेजारी येतो आणि सीडीआय तापतो. तो सीटखाली, रबरी पट्टीवर, कपलरचे तोंड खाली करून बसवावा, म्हणजे धुताना शिरलेले पाणीही आत साचत नाही. त्या भागातील सांधे केवळ सोल्डर केलेले असतील तर तेही पाहावेत : सोल्डर जिथे संपते तिथे तार ताठ होते आणि हादऱ्याने आतून तुटते, वरचे आवरण मात्र शाबूत राहते. अशी तार बोटांत धरून हलकेच ओढली की आवरण त्या जागी बारीक होऊन ताणले जाते. तेवढा तुकडा कापून, क्रिम्प केलेला (दाबून बसवलेला) सांधा करून, वर आतून चिकटणारी हीट-श्रिंक स्लीव्ह चढवावी आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरावर हार्नेस चॅसीला बांधून टाकावा.